जयपूरचा पाय : कामातून उमललेली कल्पकता

प्रस्तावना

तुमच्यापैकी अनेकजण काम सांभाळून अभ्यास करीत आहेत. कोणी दुकानात, कोणी कारखान्यात, कोणी रुग्णालयात, तर कोणी स्वतःच्या शेतावर राबत असेल. काम करताना 'हे असेच का करतात? याहून सोपी रीत असणार नाही का?' असा प्रश्न तुमच्या मनात कधीतरी आला असेल. तो प्रश्न तुम्ही कोणाला बोलून दाखविला का? की 'आपल्याला कोण विचारतो' असे म्हणून गप्प राहिलात?

कल्पकता ही कलावंतांची आणि शास्त्रज्ञांची मिरासदारी आहे, असा एक समज रूढ आहे. प्रत्यक्षात ती रोजच्या कामाच्या जागीही उगवते. तिला बोलण्याची संधी आणि ऐकणारा कान मात्र मिळावा लागतो. राजस्थानातील एका रुग्णालयात एक कारागीर आणि एक शल्यचिकित्सक एकत्र आले. त्यातून जे घडले, त्याची माहिती या पाठात आपण घेणार आहोत.

उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर तुम्ही पुढील गोष्टी करू शकाल :

- 'जयपूर फूट' या कृत्रिम पायाच्या निर्मितीची हकिकत स्वतःच्या शब्दांत सांगणे.
- कल्पना आणि नवनिर्मिती यांतील फरक स्पष्ट करणे.
- कामाच्या ठिकाणी कल्पकतेला पोषक आणि मारक ठरणाऱ्या गोष्टी ओळखणे.
- आपल्या वरिष्ठांना उद्देशून एखादी उपयुक्त सूचना लेखी स्वरूपात मांडणे.

मूळ पाठ

१. पाय मिळाला, पण वापरवेना

पायाने आपण चालतो, एवढेच आपण सहसा लक्षात घेतो. परंतु दिवसभरात पाय याहून कितीतरी अधिक कामे करीत असतो. आपण जेवायला मांडी घालून बसतो, चुलीपुढे किंवा शेतात उकिडवे बसतो, देवळात अनवाणी जातो, चिखलातून आणि ढेकळांतून वाट काढतो. या प्रत्येक वेळी घोट्याचा सांधा वर-खाली होतो. त्याखालचे सांधे पाऊल आत किंवा बाहेर कलू देतात. पाऊल जमिनीप्रमाणे स्वतःला जुळवून घेते, म्हणूनच आपला तोल राहतो.

अपघातात किंवा आजारात ज्यांचा पाय कापावा लागतो, त्यांना कृत्रिम पाय बसवितात. १९६० च्या दशकात भारतात मिळणारे असे पाय परदेशी नमुन्याचे असत. ते बूट घालणाऱ्या, खुर्चीवर बसणाऱ्या आणि सपाट रस्त्यावर चालणाऱ्या माणसासाठी योजलेले होते. त्यांचा घोटा ताठ असे. तो पाय घालून उकिडवे बसता येत नसे आणि मांडी घालणेही जमत नसे. बुटाविना तो पाय वापरावा, तर तो दिसे वेगळा आणि झिजेही लवकर. पाणी आणि चिखल यांपुढे त्याचा टिकाव लागत नसे. शिवाय त्याची किंमत गरीब माणसाच्या आवाक्याबाहेरची होती.

जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी हे अस्थिरोगतज्ज्ञ म्हणून काम करीत होते. उच्च शल्यशिक्षण त्यांनी परदेशात घेतले होते. आपण बसवून दिलेले पाय रुग्ण बाजूला ठेवून देतात आणि पुन्हा कुबड्या घेऊन वावरतात, हे त्यांच्या लक्षात आले. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने त्या पायात दोष नव्हता. दोष होता तो रुग्णाच्या जगण्याशी त्याचा मेळ नसण्यात. 'रुग्णांना सवय नाही' असे म्हणून या गोष्टीकडे कानाडोळा करणे सोपे होते. डॉ. सेठी यांनी तसे केले नाही.

पाठगत प्रश्न १

(अ) परदेशी नमुन्याचा कृत्रिम पाय कोणत्या राहणीसाठी योजलेला होता?
(आ) रुग्ण कृत्रिम पाय बाजूला ठेवून देतात, यावरून डॉ. सेठी यांनी कोणता बोध घेतला?

२. कारागिराची नजर

त्याच रुग्णालयात रामचंद्र शर्मा नावाचे एक कारागीर होते. रुग्णांना हस्तकला शिकविण्याचे काम त्यांच्याकडे होते. लोक त्यांना आदराने 'मास्टरजी' म्हणत. त्यांचे शालेय शिक्षण प्राथमिक इयत्तांपलीकडे गेलेले नव्हते. लाकूड, धातू आणि दगड यांना आकार देण्याची विद्या मात्र त्यांच्या हातात मुरलेली होती. कोणता पदार्थ किती वाकेल, कोठे तडकेल आणि कोठे तग धरेल, याचा अंदाज त्यांना स्पर्शाने येई.

रुग्णालयात वावरताना पाय गमावलेली माणसे त्यांच्या रोजच्या पाहण्यात होती. या माणसांना खऱ्या पायासारखा दिसणारा, वाकणारा आणि अनवाणी चालता येईल असा पाय आपण का करू नये, असा विचार त्यांच्या मनात आला आणि त्यांनी या कामाचा ध्यास घेतला.

पाऊल मऊ हवे, पण फाटता कामा नये. ते वाकायला हवे, पण भार पडताच दबून जाता कामा नये. या परस्परविरोधी अटी पूर्ण करणारा एकच पदार्थ सापडणे कठीण होते. वाटेत सायकलचे चाक पंक्चर झाले म्हणून शर्मा एका दुकानाशी थांबले आणि तेथे जुन्या टायरवर नवे रबर चढविण्याचे काम पाहताना त्यांना रबराच्या पायाची कल्पना सुचली, अशी आठवण सांगितली जाते. साच्यात रबर घालून उष्णतेने ते पक्के करण्याची ही क्रिया देशातील गावोगावच्या कामगारांना ठाऊक होती. ती कृत्रिम पायासाठी वापरावी, हे मात्र कोणाला सुचले नव्हते.

नुसत्या भरीव रबराचा पाय जड आणि ताठ होतो. म्हणून पावलाच्या निरनिराळ्या भागांसाठी निरनिराळे पदार्थ योजावे लागले. टाच आणि पुढचा भाग यांसाठी स्पंजासारखे हलके रबर, घोट्याच्या जागी लाकडाचा ठोकळा, बळकटीसाठी टायरमधील दोऱ्यांचे वेष्टन आणि सर्वांवर त्वचेच्या रंगाचे रबर, अशी रचना सिद्ध झाली. पावलाच्या वरचा पोकळ भाग ॲल्युमिनियमच्या पत्र्यापासून ठोकून तयार करण्यात येऊ लागला. ही सारी सामग्री देशातच मिळणारी होती आणि ती हाताळणारे कारागीरही येथेच होते.

३. दोन विद्यांचा संगम

कारागिराने केलेली वस्तू कितीही देखणी असली, तरी ती माणसाच्या शरीराला जोडायची होती. चालताना कोणत्या सांध्यावर किती भार येतो, कापलेल्या पायाच्या उरलेल्या भागाला कोठे दाब सोसतो आणि कोठे सोसत नाही, हे ज्ञान वैद्यकाचे होते. डॉ. सेठी यांनी आणि त्यांच्या सहकारी डॉक्टरांनी शर्मा यांच्या नमुन्यांची शरीरशास्त्राच्या कसोटीवर पारख केली. नमुना करावा, रुग्णाला चालवून पाहावे, दोष शोधावा आणि पुन्हा नमुना करावा, असा क्रम सुरू झाला. या परिश्रमांतून १९६८ मध्ये जो पाय सिद्ध झाला, तो पुढे 'जयपूर फूट' या नावाने जगाला परिचित झाला.

या पायाने उकिडवे बसता येते, मांडी घालता येते आणि अनवाणी चालता येते. तो पाण्याला भीत नाही. शेतकरी तो घालून चिखलात उतरू शकतो. त्यावर कोणी पेटंट घेतले नाही, त्यामुळे तो इतरांनाही मोकळेपणाने करता आला.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. रुग्णालयात डॉक्टरांचे स्थान फार वरचे आणि कारागिराचे फार खालचे मानले जाते. शर्मा यांची कल्पना 'हे तुमचे काम नव्हे' या चार शब्दांत संपविता आली असती. त्याउलट, शल्यचिकित्सकाचे ज्ञान शर्मा यांनी नाकारले असते, तर त्यांचा पाय शोभेची वस्तू होऊन राहिला असता. दोघांनीही परस्परांच्या विद्येचा मान राखला, म्हणून काम तडीस गेले.

या कार्यासाठी १९८१ साली डॉ. सेठी यांना रेमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. रामचंद्र शर्मा यांचे नाव मात्र दीर्घकाळ थोड्यांनाच ठाऊक होते. पदवी असलेल्याकडे कीर्ती सहज चालत येते. हाताने घडविणाऱ्याकडे ती उशिरा वळते. ज्या संस्थांना आपल्या माणसांकडून नव्या कल्पना हव्या असतात, त्यांनी हा इतिहास विसरता कामा नये.

पाठगत प्रश्न २

(अ) जयपूरच्या पायात निरनिराळे पदार्थ का वापरावे लागले?
(आ) डॉ. सेठी आणि रामचंद्र शर्मा यांना एकमेकांची गरज का होती?

४. कल्पनेपासून लोकांपर्यंत

पाय सिद्ध झाला, पण तो लगेच सर्वत्र पोहोचला नाही. पहिल्या सात वर्षांत तो बसविलेल्या रुग्णांची संख्या साठच्याही आत होती. गरज असलेली माणसे हजारो होती. परंतु त्यांना रुग्णालयापर्यंत आणणारी, त्यांच्या राहण्या-जेवण्याची सोय करणारी आणि खर्च उचलणारी व्यवस्था नव्हती.

ती व्यवस्था १९७५ मध्ये उभी राहिली. देवेंद्रराज मेहता हे सनदी अधिकारी. १९६९ साली झालेल्या भीषण अपघातात त्यांचा पाय जाता जाता वाचला होता. पाय गमावण्याची वेळ गरिबावर आली तर त्याचे काय होत असेल, हा विचार त्यांच्या मनातून गेला नाही. त्यांनी जयपूर येथे 'भगवान महावीर विकलांग सहायता समिती' स्थापन केली. रुग्णाला पाय विनामूल्य द्यायचा आणि शक्य तितक्या लवकर चालते करून घरी पाठवायचे, अशी तिची रीत आहे. समितीच्या द्वारे लाखो लोकांना कृत्रिम अवयव आणि अन्य साधने मिळाली आहेत. भारताबाहेरही तिची शिबिरे झाली आहेत.

मूळ कल्पना पुढेही बदलत राहिली. ॲल्युमिनियमच्या जागी प्लॅस्टिकच्या मजबूत नळ्या आल्या. गुडघ्याच्या वर पाय कापलेल्यांसाठी अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील विद्यार्थ्यांसह स्वस्त कृत्रिम गुडघा तयार करण्यात आला. २००९ मध्ये 'टाइम' साप्ताहिकाने वर्षातील उल्लेखनीय शोधांत त्याची गणना केली.

या पायाने माणसांना काय परत दिले, याचे एक उदाहरण पुरेसे आहे. भरतनाट्यम नर्तिका सुधा चंद्रन यांचा उजवा पाय १९८१ मधील अपघातानंतर कापावा लागला. जयपूरचा पाय बसवून त्यांनी परिश्रमपूर्वक नृत्याचा सराव केला आणि त्या पुन्हा रंगमंचावर उभ्या राहिल्या. त्यांच्या जीवनावर आधारलेला 'मयुरी' हा तेलुगू चित्रपट १९८५ मध्ये प्रदर्शित झाला. त्यात त्यांनी स्वतःच प्रमुख भूमिका केली.

विवेचन

नवी गोष्ट सुचणे म्हणजे कल्पना. ती प्रत्यक्षात उतरवून लोकांच्या उपयोगी पडेल अशी करणे म्हणजे नवनिर्मिती. १९६८ आणि १९७५ या दोन सालांमधील अंतर हा या दोहोंतील फरक दाखविते. कल्पना एकट्याच्या मनात जन्म घेऊ शकते. नवनिर्मितीला अनेकांचा हातभार लागतो.

कामाच्या ठिकाणी कल्पकता वाढीस लागण्यासाठी काय हवे, हे या हकिकतीवरून सांगता येईल. पहिली गोष्ट म्हणजे काम करणाऱ्याचे निरीक्षण. अडचण सर्वांत आधी त्याला दिसते, कारण तिच्याशी रोज त्याचीच गाठ पडते. दुसरी गोष्ट म्हणजे ऐकून घेणारा वरिष्ठ. तिसरी गोष्ट म्हणजे चुकण्याची मुभा. पहिला नमुना फसला म्हणून ज्याला बोल लावले जातात, तो दुसरा नमुना करीत नाही. चौथी गोष्ट म्हणजे श्रेय. ज्याची कल्पना, त्याचे नाव तिच्याशी जोडले गेले, तर इतरांनाही बोलण्याचा धीर येतो.

काही उद्योगांनी ही तत्त्वे आपल्या नियमांतच बसविली आहेत. जपानमधील टोयोटा कंपनीने १९५१ मध्ये कामगारांकडून सूचना मागविण्याची योजना सुरू केली. तेथील कारखान्यांत जुळणीच्या रांगेत दोष दिसताच दोरी ओढून इशारा देण्याचा आणि वेळ पडल्यास काम थांबविण्याचा अधिकार सामान्य कामगाराला असतो. दोष दाखविणाऱ्याला तेथे अडथळा मानीत नाहीत. आपल्याकडेही अनेक कार्यालयांत सूचनापेट्या दिसतात. परंतु ती पेटी उघडून वाचली जाते का आणि सूचना देणाऱ्याला उत्तर मिळते का, यावर तिची किंमत ठरते. उत्तर न देणारी पेटी लोकांना गप्प राहायला शिकविते.

प्रत्येक नवी कल्पना चांगली असतेच असे नाही, हेही लक्षात ठेवले पाहिजे. प्रचलित पद्धतीमागे काही वेळा सुरक्षिततेचे किंवा अनुभवाचे भक्कम कारण असते. म्हणून ती पद्धत मोडीत काढण्यापूर्वी ते कारण समजून घ्यावे आणि नवी रीत आधी लहान प्रमाणावर पारखावी.

पाठगत प्रश्न ३

(अ) १९७५ मध्ये स्थापन झालेल्या समितीने कोणती उणीव भरून काढली?
(आ) सूचनापेटीची किंमत कशावर ठरते?

भाषाभ्यास

(अ) साधित शब्द : विशेषणाला 'ता' हा प्रत्यय लागून भाववाचक नाम तयार होते. उदा. कल्पक – कल्पकता, उपयुक्त – उपयुक्तता. काही नामांना 'शील' जोडून विशेषण तयार होते. उदा. प्रयत्न – प्रयत्नशील, विचार – विचारशील.

(आ) सूचनापत्र : सूचनेत अडचण, उपाय, खर्च आणि चाचणीची रीत या चार गोष्टी असाव्यात. दोषारोप नसावा. पुढील नमुना पाहा.

> मा. व्यवस्थापक यांसी,
> विषय : औषधांच्या मांडणीबाबत सूचना.
> महोदय,
> आपल्या दुकानातील फळ्यांवर नवी खोकी पुढे ठेवली जातात. त्यामुळे जुनी खोकी मागे राहून त्यांतील काही औषधांची मुदत संपते. नवा माल मागे आणि जुना माल पुढे ठेवावा, तसेच प्रत्येक खोक्यावर मुदतीचा महिना लिहिलेली रंगीत चिठ्ठी लावावी, असे मला वाटते. यासाठी कागदाखेरीज खर्च नाही. आपली अनुमती असल्यास एका फळीवर महिनाभर हा प्रयोग करून पाहता येईल.
> आपला विश्वासू,
> (स्वाक्षरी)

तुम्ही काय शिकलात?

- कामाच्या जागी दिसणारी अडचण हे कल्पकतेचे उगमस्थान असते.
- जयपूरचा पाय कारागिराचे कौशल्य आणि वैद्यकाचे ज्ञान यांच्या संगमातून घडला.
- कल्पना लोकांपर्यंत नेण्यासाठी व्यवस्था उभारावी लागते.
- निरीक्षण, ऐकून घेणारा वरिष्ठ, चुकण्याची मुभा आणि श्रेय यांमुळे कल्पकता वाढते.

स्वाध्याय

१. 'दोष होता तो रुग्णाच्या जगण्याशी त्याचा मेळ नसण्यात' या विधानाचा अर्थ स्पष्ट करा.
२. रामचंद्र शर्मा यांना कीर्ती उशिरा मिळाली. यावरून संस्थांनी कोणता धडा घ्यावा, ते सुमारे ८० शब्दांत लिहा.
३. पुढील वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा : कानाडोळा करणे, ध्यास घेणे, मोडीत काढणे.
४. पुढील शब्दांपासून भाववाचक नामे तयार करा : नम्र, दक्ष, स्वच्छ.
५. तुमच्या कामाच्या ठिकाणची किंवा घरातील एखादी रोजची अडचण आठ दिवस नीट पाहा. तिच्यावरील उपाय सुचविणारे पत्र संबंधित व्यक्तीला लिहा आणि शक्य असल्यास ते प्रत्यक्ष द्या.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (अ) बूट घालणाऱ्या, खुर्चीवर बसणाऱ्या आणि सपाट रस्त्यावर चालणाऱ्या माणसाच्या राहणीसाठी. (आ) तो पाय रुग्णांच्या जगण्याशी जुळत नाही, हा बोध त्यांनी घेतला.

२. (अ) पाऊल मऊ तरी टिकाऊ आणि लवचीक तरी भार सोसणारे हवे होते. या सर्व अटी एकच पदार्थ पूर्ण करीत नव्हता. (आ) शर्मा यांना घडविण्याची विद्या अवगत होती, तर डॉ. सेठी यांना शरीराची. दोन्ही विद्यांवाचून पाय उपयोगी ठरला नसता.

३. (अ) रुग्णांना आणणे, त्यांची सोय करणे आणि खर्च उचलणे यांसाठी व्यवस्था नव्हती. ती उणीव समितीने भरून काढली. (आ) ती उघडून वाचली जाते का आणि सूचना देणाऱ्याला उत्तर मिळते का, यावर.

शब्दार्थ

मिरासदारी – वंशपरंपरेने चालत आलेला हक्क. शल्यचिकित्सक – शस्त्रक्रिया करणारा वैद्य. उकिडवे – गुडघे दुमडून, पावलांवर भार देऊन. वेष्टन – गुंडाळलेले आवरण. तडीस जाणे – पूर्ण होणे. सनदी अधिकारी – प्रशासकीय सेवेतील अधिकारी. मुभा – मोकळीक. अवगत – माहीत असलेले.